वाळूवरचं कोल्हापूर-बेळगाव

आज सकाळी जाग आली ती आवाजानं नाही, आवाज थांबल्यानं. बायकोनं, सुनीतानं एसी बंद केला होता. मार्चपासून रात्रंदिवस घरघरणारं ते धूड एकदम गप्प झालं आणि स्वतःचंच घर परकं वाटायला लागलं. "आजपासून बंद हं," ती म्हणाली आणि हॉलची खिडकी तिनं जोर लावून ढकलली. आठ महिने मिटलेली खिडकी कुरकुरली, खाचेतली बारीक वाळू फरशीवर सांडली आणि दुबईतल्या अल मनखूलची अख्खी गल्ली घरात शिरली. खालच्या मल्याळी बिऱ्हाडातला खोबरेल तेलाचा वास, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी, शाळेच्या बसचा हॉर्न, त्या बसकडे पोरांना पिटाळणाऱ्या आयांच्या हाका.

या देशात थंडी अशी येते. एक बटण बंद होतं, एवढंच. नवख्या माणसाला पहिल्या वर्षी ते कळतही नाही. दुसऱ्या वर्षापासून मात्र तो त्या दिवसाची वाट बघायला लागतो. मीही बघायचो. हल्ली बघत नाही. आज तर खिडकीतून आलेली ती पहिली गार झुळूक अंगाला लागली आणि वाटलं, उठून पुन्हा एसी लावावा.

एके काळी आमची थंडी जानेवारीतल्या एका शुक्रवारासाठी यायची. त्या शुक्रवारी, म्हणजे तेव्हाच्या सुट्टीच्या दिवशी, कोल्हापूर विरुद्ध बेळगाव फुटबॉल असायचं.

मुळात हे भांडण इथलं नव्हे. आमचं कॉलेज महाराष्ट्रात, त्यांचं कर्नाटकात, दोन्ही गावं अगदी शेजारशेजारची. एसटीनं दोन-अडीच तासांचा रस्ता. कोल्हापुरात पोरगं चालायला लागलं की तालमीतलं कुणीतरी त्याच्या पायापुढं बॉल टाकतं. बेळगावात कॅम्पातली ख्रिस्ती पोरं चर्चमागच्या मैदानात बॉलवर वाढतात. दोन्ही कॉलेजांचे संघ दर हिवाळ्यात एकमेकांशी खेळायचे, एक वर्ष इकडं, एक वर्ष तिकडं. मी आमच्या संघात होतो, पण बहुतेक वेळ बाकावर. आमचा खरा खेळाडू बाळूदा. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, ठेंगणा, मांड्या खांबासारख्या. तो धावायला लागला की समोरची पोरं वाट सोडायची.

शेवटच्या मॅचला मी बाकावरच होतो. मैदान आमचं. बाळूदानं मारलेला बॉल त्यांच्या गोलकीपरच्या बोटांवर आदळून वर गेला, आडव्या दांड्याला लागून खाली आपटला आणि बाहेर आला. आम्ही म्हटलं गोल, ते म्हणाले नाही. रेफ्रीला काहीच म्हणता आलं नाही, कारण तोवर प्रेक्षक मैदानात उतरले होते. तो बिचारा प्राचार्यांच्या खोलीत जाऊन बसला आणि आतून कडी लावली. मॅच अर्धीच राहिली. मग कॉलेजांची एकमेकांना खरमरीत पत्रं गेली आणि पुढच्या वर्षीपासून सामना कायमचा बंद झाला. गोलकीपरचं बोट मोडलं होतं, ते वाकडंच बसलं. त्याचं नाव सेबॅस्टियन. सगळे त्याला सेबी म्हणायचे.

पुढं नोकरीसाठी जो तो पांगला. मी दुबईत एका ट्रेडिंग कंपनीच्या ऑफिसात लागलो. बाळूदा रुवैसला रिफायनरीत. तिथून दुबई म्हणजे बसनं चार तास, समुद्राच्या कडेकडेनं नुसतं वाळवंट. दोन-तीन महिन्यांतून एकदा तो आमच्याकडं यायचा, सुनीताच्या हातचा तांबडा रस्सा दोन दिवस खायचा आणि परत जायचा. नव्वद सालानंतरच्या अशाच एका हिवाळ्यात आम्ही दोघं बर दुबईतल्या एका कॅफेटेरियात चहा घेत उभे होतो. शेजारच्या माणसानं ग्लास उचलला आणि बाळूदा त्याच्या हाताकडं बघतच राहिला. अनामिका मधल्या सांध्यात बाहेरच्या बाजूला वळलेली.

"बेळगाव?" बाळूदानं विचारलं.

त्या माणसानं मान वळवली. बाळूदाचा चेहरा न्याहाळला, मग खाली मांड्या बघितल्या, आणि हात वर करून ते बोट त्याच्या नाकासमोर धरलं. "हे तुझं काम हाय गा."

"आणि तो गोल माझा हाय."

"कसला गोल? बॉल लाइनीवर पडला. मी बघितलो."

"डोळं मिटलं होतंस तू, मर्दा!"

चहा थंड झाला, तरी दोघं हटेनात. शेवटी कॅफेटेरियावाला मल्याळी काउंटरवर फडकं आपटून म्हणाला, "खलास भाई, खलास! बाहर जाके लड़ो." बाहेर फुटपाथवर गेल्यावर दोघांनी एकमेकांना अशी मिठी मारली की बघणाऱ्याला वाटावं, सख्खे भाऊच खूप वर्षांनी भेटले.

त्याच हिवाळ्यात पहिली मॅच झाली. दोन्ही कॉलेजांची जुनी पोरं शोधून काढली. कुणी शारजात, कुणी अबू धाबीच्या खलिफा सिटीतल्या साइटवर, कुणी बंदरावर. सगळ्यांची पोटं सुटलेली. शहराबाहेर, गोदामांच्या पलीकडं एक रिकामी वाळूची जागा होती. बेळगावचा एक वेल्डर होता, त्यानं पायऱ्यांच्या जुन्या पाइपांचे गोलपोस्ट जोडले. देरा भागातल्या मच्छीबाजारातून कोळ्यांची जाळी आणली. तिला शेवटपर्यंत वास यायचा. रेषा जिप्समच्या भुकटीनं मारायच्या. मॅच सकाळी सातला सुरू करायची, म्हणजे जुम्म्याच्या नमाजाआधी सगळं उरकून रस्ते मोकळे. हरणाऱ्यांनी नाश्ता द्यायचा, असा नियम. आम्ही हरलो की मिसळ, ते हरले की पुरी-भाजी आणि कुंदा. बायका गाड्यांच्या डिक्या उघडून डबे मांडायच्या. पोरं वाळूत लोळायची आणि आपापसांत इंग्रजीत भांडायची. आमच्या मुलीला मी एकदा विचारलं, "कोण जिंकावं वाटतं तुला?" ती म्हणाली, "हूएव्हर हॅज कुंदा, पपा."

वाळूत खेळणं म्हणजे स्वप्नात पळणं. जोर लावावा तितका पाय मागं जातो. दातांत वाळू, कानांत वाळू. शनिवारी ऑफिसात फाइल उघडली की बाहीतून वाळू सांडायची आणि मी ती बोटानं गोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकायचो, कुणाला दिसू नये म्हणून. का लपवायचो, कोण जाणे. चाळिशीकडं झुकलेले बापे आम्ही, आणि वर्षभर साहेबाच्या पुढं 'येस सर, इन्शाल्ला सर' म्हणताना मनात मात्र एकच चाललेलं असायचं: यंदा बेळगावला सोडायचं नाही.

एका वर्षी धुकं पडलं. इथलं जानेवारीतलं धुकं बघितलं नसेल त्याला सांगून पटायचं नाही. स्वतःचे बूट दिसत नव्हते. मॅच थांबवायची गोष्ट निघाली, पण बाळूदा परत रुवैसला जाणार होता, तर पुन्हा कधी? आम्ही खेळलो. कुठून तरी धप्प आवाज आला, जाळी थरथरली आणि धुक्यातून बाळूदा ओरडला, "गोल!" मग सेबीचा आवाज आला, अगदी शांत, "मी बघितलो नाही. म्हणजे झाला नाही." बावीस माणसं त्या पांढऱ्या अंधारात पोट धरून हसत होती आणि कुणालाच कोण कुठं हसतंय ते दिसत नव्हतं. माझ्या परदेशातल्या सगळ्या वर्षांत मी इतका सुखी पुन्हा झालो नाही. त्या वेळी ते कळलं नव्हतं, हेच त्यातलं वाईट.

आठ हिवाळ्यांत हिशेब असा झाला: तीन आमच्या, तीन त्यांच्या, दोन बरोबरीत. आठव्या मॅचमध्ये शेवटच्या मिनिटाला आम्हाला पेनल्टी मिळाली होती. बाळूदाचा पाय मुरगळला होता. त्यानं बॉल उचलून माझ्या हातात दिला. "मार वसंता." मी मारली. सेबीनं अडवली. नुसती अडवली नाही, बॉल छातीशी धरून तो माझ्याजवळ चालत आला, बॉल माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, "घे, घरी ने." सगळे हसले. मीही हसलो. सुनीताही डबा भरता भरता हसली होती, ते मला दिसलं.

या गोष्टीत सांगण्यासारखं खरं एवढंच आहे की ते हसू मी वर्षभर विसरलो नाही.

नववा हिवाळा. एसी बंद झाला, खिडक्या उघडल्या, मॅचची तारीख ठरली. आमच्या बाजूची जुळवाजुळव माझ्याकडं असायची, त्यांच्या बाजूची सेबीकडं. जानेवारीच्या सुरुवातीला एका कामाच्या दिवशी दुपारी मी जेवायला घरी आलो, तर दारात सेबी. हॉटेलात बँक्वेटचं काम करणारा माणूस, दुपारी दोनला कधी मोकळा नसायचा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पण टाय नाही. हातात कुस्वारचा, म्हणजे नाताळच्या फराळाचा डबा. नाताळ होऊन गेला होता, तरी डबा आणायला तो विसरला नव्हता.

सुनीतानं चहा ठेवला. तो सोफ्याच्या अगदी कडेवर बसला.

"हॉटेलवाल्यांनी काढलंय मला," तो म्हणाला. "एकट्याला नव्हे, आम्ही पाच-सहा जण हाव. व्हिसा कॅन्सल झाला. मंगळवारचं तिकीट हाय."

"कुठला मंगळवार?"

"मॅचच्या आधीचा."

मी काहीतरी बोललो. वाईट झालं, दुसरीकडं बघू, व्हिसा कॅन्सल झाल्यावर लागते ती सहा महिन्यांची बंदी संपली की परत ये. तो मान हलवत होता. आपण ज्या माणसाला धीर देतो त्याला तो धीर किती पोकळ आहे ते आधीच ठाऊक असतं, आणि तरी तो आपल्यासाठी मान हलवतो.

मग तो म्हणाला, "वसंता, एक विचारायचं होतं. मॅच एक शुक्रवार अलीकडं घेऊया काय? आमची पोरं तयार हाईत. मी विचारलो सगळ्यांना." थांबला. "शेवटची खेळून जातो म्हणतो."

मी म्हटलं, "बाळूदाला सुट्टी नाही त्या शुक्रवारी. त्याची शिफ्ट आहे."

हे खरं होतं. त्याची शिफ्ट होतीच. पण त्याला विचारतो, असं मी म्हटलं नाही. रुवैसला फोन लावायचा, निरोप ठेवायचा, एवढंच करायचं होतं. फोन सेबीच्या हाताजवळच्या स्टुलावर होता. सेबीशिवाय बेळगावचा गोल उघडा आहे, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. ते मनात आलं आणि मी ते हाकलूनही लावलं नाही. उलट तोंडानं म्हणालो, "शिवाय ठरलेली तारीख ती ठरलेली. एकदा बदलली की दरवर्षी कुणी ना कुणी बदला म्हणणार."

सेबीनं चहा संपवला. "बरोबर हाय," तो म्हणाला. "नियम तो नियम." उठताना सुनीताला म्हणाला, "वहिनी, डबा परत द्यायची गडबड नको. ठेवा तुम्हालाच."

तो गेल्यावर सुनीता कपबशा उचलत होती. तिनं विचारलं, "बाळू भावोजींना फोन करून बघायचा होता ना?"

"तुला कळत नाही त्यातलं," मी म्हणालो.

ती मॅच झाली. बेळगावची नऊच माणसं आली. दोघं म्हणे गळाठून घरीच राहिले. गोलात चष्मेवाला कुलकर्णी, हिशेब खात्यातला, ज्यानं आजवर फक्त बाजूला उभं राहून झेंडा हलवला होता. चष्मा पडू नये म्हणून त्यानं तो मागून दोरीनं बांधला होता. बाळूदा रुवैसहून आला, बूट घालता घालता म्हणाला, "सेबी कुठाय? उशीर करतोय आज म्हातारा."

कुलकर्णी म्हणाला, "मंगळवारी गेला की तो. कायमचा."

"कायमचा म्हणजे?"

कुलकर्णीनं सांगितलं. नोकरी, व्हिसा, सगळं. आणि मग साधेपणानं, कसलाही आरोप न करता पुढचंही सांगून टाकलं. "त्यानं गेल्या शुक्रवारी खेळू म्हटलं होतं. तुम्हाला सुट्टी नाही म्हणून वसंतरावांनी नाही म्हटलं."

बाळूदाची नाडी अर्धी बांधून झाली होती. त्यानं ती नीट पूर्ण बांधली. मग माझ्याकडं बघितलं. "मला इचारलं असतंस तर शिफ्ट बदलून आलो असतो की रे. पाच मिनिटांचं काम."

मी म्हणालो, "मला वाटलं..."

"तुला जिंकायचं होतं न्हवं?" तो म्हणाला. "थांब. देतो तुला."

पहिल्या हाफमध्ये त्यानं चार गोल मारले. मी त्याला तसं खेळताना कॉलेजातही बघितलं नव्हतं. नऊ माणसांतून तो असा निघून जायचा की कुणी समोर नाहीच. प्रत्येक गोलानंतर तो जाळीतून स्वतः बॉल काढायचा, मध्यावर आणून ठेवायचा आणि माझ्याकडं एकदा बघायचा. ओरडणं नाही, हात वर करणं नाही. कुलकर्णी चौथ्या वेळी पडला तो तसाच वाळूत बसून राहिला. हाफ टाइमला बाळूदानं बूट काढले, हातात घेतले आणि अनवाणी रस्त्याकडं चालत गेला. मी थोडं अंतर मागं गेलो. "बाळूदा, नाश्ता तरी..." त्यानं वळून बघितलं नाही. रस्त्यावर एक टॅक्सी थांबली आणि तो गेला.

दुसरा हाफ आम्ही खेळलो. का खेळलो ते सांगता येणार नाही. आम्ही दहा, ते नऊ, बॉल इकडून तिकडं ढकलत राहिलो. नंतर बेळगावच्या बायकांनी नियमाप्रमाणे पुरी-भाजी वाढली. आम्ही उभ्यानं खाल्ली. यंदा कुंदा नव्हता. तो दरवेळी सेबीच्या घरून यायचा, हे तेव्हा कळलं.

त्यानंतर मॅच झाली नाही. पुढच्या हिवाळ्यात मी काही फोन केले. सगळे म्हणाले, "बघूया, इन्शाल्ला." या शब्दाचा अर्थ इथं राहणाऱ्याला लगेच कळतो. बाळूदाला फोन केला तर तो छान बोलला, मुलांची चौकशी केली, सुनीताला नमस्कार सांगितला. मॅचचं काढल्यावर म्हणाला, "गुडघं ऱ्हायलं नाहीत आता." तांबड्या रश्श्याला तो पुन्हा आला नाही. तिसऱ्या वर्षी रुवैसची नोकरी सोडून गावी गेला, हेही मला दुसऱ्याकडून कळलं. त्या रिकाम्या जागेवर आता गोदामं आहेत. एकदा ऑफिसच्या कामासाठी तिकडं जावं लागलं. गोलपोस्ट नेमके कुठं होते ते मला ओळखता आलं नाही.

दोन वर्षांपूर्वी सुट्टीत गेलो तेव्हा मी कोल्हापूरहून बेळगावची एसटी धरली. सुनीताला म्हटलं, काम आहे. कॅम्पात विचारत विचारत घर सापडलं. सेबी भावाच्या बेकरीत बसतो. काउंटरच्या मागं, स्टुलावर. केस पूर्ण पांढरे, हनुवटीखाली कातडं लोंबलेलं. मला बघून त्याला खरंच आनंद झाला. मला तो सोसवेना.

दुपारी बेकरीमागच्या खोलीत आम्ही बसलो. बाहेर भट्टीची ऊब, वर पत्र्यावर बारीक पाऊस. त्यानं एकेकाची चौकशी केली. मग विचारलं, "त्या वर्षी कोण जिंकलं रे? कुणी कळवलंच नाही."

"आम्ही."

"किती?"

"चार-शून्य."

"चार?" तो म्हणाला. "गोलात कोण होतं?"

"कुलकर्णी."

तो हसला. चष्म्याला दोरी बांधल्याचं सांगितलं तेव्हा आणखी हसला. हसता हसता खोकला आला, आणि खोकला थांबल्यावर हसू राहिलं नव्हतं. तेव्हा मी बोललो. बाळूदाला मी विचारलंच नव्हतं, हे सांगितलं. का विचारलं नव्हतं, तेही सांगितलं. पेनल्टीचं, हसण्याचं, सगळं. इतकी वर्षं मनात घोळवलेली वाक्यं दोन मिनिटांत संपली.

सेबीनं बाहीवरचं पीठ झटकलं. मला वाटलं, आता शिवी देईल. दिली असती तर बरं झालं असतं.

"विचारला असतास तर काय झालं असतं?" तो म्हणाला. "एक मॅच झाली असती. विमान तेच होतं, मंगळवारचं." मग भिंतीकडं बघत म्हणाला, "इथं आल्यावर सहा महिने मी पासपोर्ट खिशात घालून फिरलो. कुणी बोलावलं तर लगेच निघता यावं म्हणून. मग बायकोनं काढून कपाटात ठेवला."

निघायची वेळ झाली. तो स्टँडपर्यंत येतो म्हणाला. मी नको म्हटलं तरी आला, छत्री मध्ये धरून, माझ्या खांद्यावर जास्त आणि स्वतःवर कमी. बस लागली होती. कंडक्टरनं घंटा मारली, मी पायरीवर चढलो, आणि खालून तो म्हणाला,

"वसंता, तू आलास, बरं वाटलं. पण परत येऊ नको गा."

मी दांडा धरून पायरीवरच थांबलो.

"राग नाही," तो म्हणाला. "तू गेलास की आता चार दिवस मन दुबईतच फिरणार, काउंटरवर बसवणार नाही मला."

मी हो म्हटलं. परत गेलो नाही.